कळसूबाईला दोघीच जा

पत्र नाशिकहून आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडं कापून देते.

‘ताई, मी ३३ वर्षांची. माझी आणि माझ्या मैत्रिणीची ओळख इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची. २०११ च्या जानेवारीत आम्ही दोघी पहिल्यांदा कळसूबाईला गेलो, तेव्हापासून दर जानेवारीत जातो. एक वर्ष कोरोनात गेलं, एक माझ्या बाळंतपणात. बाकी एकही चुकवलं नाही. येत्या फेब्रुवारीत ती नवरा आणि मुलीला घेऊन कायमची स्टुटगार्टला चालली आहे. हे मला तिच्याकडून कळलं नाही. तिच्या ऑफिसात माझ्या जावेची बहीण आहे, तिच्या तोंडून कळलं. तोवर हिने राजीनामा देऊन महिना झाला होता. विचारलं तर म्हणाली, “अगं, सांगणारच होते.” मी “अरे वा, मस्त” म्हणाले आणि विषय बदलला. आता आम्ही रोज बोलतो, पण मी आतून बोलत नाही.

आता शेवटचा ट्रेक. काहीतरी मोठं करावं, उत्तराखंडातल्या केदारकंठाला जाऊन बर्फात चालावं असं मला वाटतं. आमच्या ग्रुपमधले नऊ जण म्हणतात की कळसूबाईलाच सगळे जाऊ, वर केक कापू, प्रत्येकाचा व्हिडिओ करू, रात्री शेकोटी करू. आणि मला वाटतं की माथ्यावर पोचल्यावर तिला एकदा मनातलं सगळं सांगून टाकावं. माझा डावा गुडघा गेल्या वर्षापासून उतारावर दुखतो, हेही आहेच. काय करू?’

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘अरे वा, मस्त’ या शब्दांपाशी थांबले. त्या तीन शब्दांत तुझं सगळं अडकलंय. ट्रेकचं आपण ठरवूच, पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तुझ्या मनातलं तू बोलायलाच हवंस, आणि ते डोंगर चढण्याआधी, आदल्या रात्री पायथ्याच्या गावात. माथ्यावर नको, आणि उतरताना तर अजिबात नको.

हे मी इतक्या ठासून का सांगते, त्यामागे माझी एक गोष्ट आहे. ती मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही.

२००८ च्या डिसेंबरात माझी एक मैत्रीण मस्कतला निघाली होती. तिच्यासाठी आम्ही सतरा जण हरिश्चंद्रगडाला गेलो. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट. सतरा जणांचं जेवण, सतरा जणांची अंथरुणं, मागे कोण राहिलं, पुढे कोण गेलं, हे बघता बघता दोन दिवस संपले. कोकणकड्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून फोटो काढला. त्यात मी एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला. दोघींनी शेजारी बसून दहा मिनिटं बोलणं झालं नाही. माझ्याही मनात तिच्याबद्दल एक राग होता. पैशाचा होता, आता तो सांगण्यासारखाही उरलेला नाही. उतरताना टोलार खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर ती माझ्या पुढे होती, रेलिंगला धरून उतरत होती, आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी मागून बोलले. ती उत्तर द्यायला वळली. वळताना तिचा पाय सटकला आणि ती हातावर पडली. मनगट मोडलं. खाली येईपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि सॅकच्या पट्ट्याने गळ्यात बांधलेला हात ती दुसऱ्या हाताने सावरत होती. हाताला प्लास्टर घालून ती विमानात बसली. तिने मला कधी दोष दिला नाही. पण चूक माझी होती. ज्या जागी माणसाने फक्त पायाकडे बघायचं असतं, तिथे मी तिला माझ्याकडे बघायला लावलं.

म्हणून सांगते. चढताना माणसाला धाप लागलेली असते, त्या धापेत अर्धी वाक्यं निघतात, आणि अर्ध्या वाक्यांनीच जास्त लागतं. उतरताना लक्ष पायाशी हवं. राहिला माथा. तिथे वारा असतो, घाम थंड पडून हुडहुडी भरलेली असते, आजूबाजूला अनोळखी लोक फोटो काढत असतात. शिवाय तिथे बोललीस आणि काही बिनसलं, तर उरलेला सगळा उतार दोघींनी गप्प उतरायचा. तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला तर तेव्हा तिच्या हाताची गरज लागणार.

पायथ्याच्या बारी गावात मुक्काम करा. दर वर्षी जाता म्हणजे गावात ओळखीचं एखादं घर असेलच. संध्याकाळी सहाच्या आत पोचा, जानेवारीत सव्वासहाला सूर्य मावळतो आणि त्यानंतर थंडी भराभर उतरते. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, जे असेल ते गरम गरम खा. जेवणं झाली, भांडी आवरली, की ओट्यावर पांघरूण घेऊन बसा आणि तेव्हा बोल.

काय बोलायचं, हेही सांगते, कारण अशा वेळी आपण बरोबर चुकीच्या वाक्याने सुरुवात करतो. ‘तू मला का नाही सांगितलंस?’ असं विचारू नकोस. ‘का’ विचारलं की समोरचा माणूस कारणं द्यायला लागतो. ती कारणं देईल, तू ती खोडशील, आणि रात्र त्यातच जाईल. इतकंच म्हण: ‘तुझं जाणं मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं, ते मला फार लागलं. मी मस्त म्हणाले, पण मला मस्त वाटलं नव्हतं.’ एवढं बोल आणि थांब. ती लगेच काही बोलली नाही तरी तू ती शांतता भरू नकोस. तिला वेळ दे.

आता तिच्या बाजूचं. तिने तुझ्यापासून लपवलं असं तू धरून चालली आहेस. मला ते तसं दिसत नाही. परदेशी निघालेल्या माणसाच्या घरात ते महिने कसे जातात, ते मी जवळून पाहिलं आहे. व्हिसा हातात पडेपर्यंत काहीच खरं नसतं. मुलीच्या शाळेचं काय, घराचा भाडेकरार की विक्री, नवऱ्याला तिथे काम मिळेल का, आईला इथे कोण बघणार, हे सगळं एकाच वेळी डोक्यात फिरत असतं. त्यात आपल्याकडे घरातली मोठी माणसं बजावून ठेवतात की काम होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, नाट लागते. ऑफिसला सांगावंच लागतं, कारण नोटीस पिरियड असतो. त्यात मन गुंतलेलं नसतं, तो कागदाचा व्यवहार असतो. जिला सांगताना आपल्यालाच रडू येईल, तिला सांगणं माणूस पुढे ढकलत राहतो. आज नको, रविवारी सांगू. रविवारी तुझा मुलगा आजारी असतो. असं करता करता महिना जातो आणि मग कुणाची तरी बहीण बोलून जाते.

हे तिच्या बाबतीत असंच झालं असेल, असा माझा दावा नाही. पण ती जे सांगेल ते ऐकायला तुझ्या मनात जागा असावी, म्हणून लिहिलं. आणि तुझं लागणं त्याने खोटं ठरत नाही. तिचं कारण खरं असू शकतं आणि तुझं दुखणंही खरं असू शकतं. ती ‘चुकलं गं माझं’ म्हणाली तर ‘जाऊ दे’ म्हणून लगेच झटकून टाकू नकोस. ‘हो, चुकलं’ म्हण आणि तिचा हात धर.

बारीला काळूची गोष्ट तू ऐकली असशीलच. काळू नावाची कोळ्याची पोर पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली. अट एकच होती, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली, आणि डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. तीच कळसूबाई. भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवतात. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला काळूचा अभिमान वाटला होता. आता वय झाल्यावर वाटतं, ज्या घरातून ती उठून गेली त्या घरात कुणी तिच्या वयाची मुलगी असेल का, आणि तिला काळू काही सांगून गेली असेल का.

असो. आता केदारकंठाचं.

माझं मत स्पष्ट आहे, नको. केदारकंठा सुंदर आहे यात वाद नाही. १२,५०० फूट, बर्फातली देवदार आणि पाईनची झाडं, माथ्यावरून दिसणारी हिमशिखरं, लोक उगाच जात नाहीत. पण नाशिकहून डेहराडून, तिथून दिवसभर गाडीने सांक्री, मग चार-पाच दिवस चालणं आणि तसाच परतीचा प्रवास, म्हणजे आठ-नऊ दिवस सहज गेले. जिच्या घरात अर्धं सामान खोक्यांत आहे आणि जिची आई रोज तिच्याकडे बघत बसली आहे, तिच्याकडून हे आठ दिवस मागायचे का, याचा विचार कर. ती नाही म्हणू शकणार नाही, कारण तिला आधीच तुझ्यापाशी अपराधी वाटतंय. आणि तिथे तुम्ही दोघी नसणार, पंधरा-वीस अनोळखी लोकांच्या तुकडीत असणार. तंबूत बाजूला तिसरी बाई झोपलेली असणार. त्यात तुझा गुडघा. कडक झालेल्या बर्फाचा उतार दुखऱ्या गुडघ्याने उतरणं म्हणजे प्रत्येक पावलाला धास्ती. तू तिच्याशी बोलायला जाणार आणि सगळा वेळ स्वतःच्या पायाशी बोलत राहणार.

ओळखीच्या वाटेचा हाच मोठा फायदा आहे की वाटेकडे लक्ष द्यावं लागत नाही. कुठल्या वळणावर थांबायचं, कुठे पाणी प्यायचं, कुठल्या शिडीची कुठली पायरी हलते, हे तुमच्या पायांना पाठ आहे. म्हणून डोकं मोकळं राहतं.

आता ते नऊ जण. त्यांचं प्रेम खरं आहे, त्यांना दुखवू नकोस. त्यांच्यासाठी नाशकातच एक संध्याकाळ ठेव, कुणाच्या तरी गच्चीवर. केक तिथे कापा, व्हिडिओ तिथे करा, हवं तेवढं रडा. पण डोंगर दोघींचाच ठेव. ‘दर वर्षी आम्ही दोघीच जातो, या वर्षीही दोघीच जाणार’ असं सरळ सांग. याला कारण जोडू नकोस, कारण दिलं की लोक त्यावर उपाय सुचवतात.

आणि शेकोटी तर नकोच, दोघींचीही नको. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. जानेवारीत डोंगरावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, एक ठिणगी उडाली तर अख्खा उतार पेटतो आणि वणवा विझवायला त्याच गावातली माणसं रात्री पळतात. धुराने आग्या मोहोळ उठलं तर वेगळंच संकट. गावात यजमानांच्या चुलीपाशी बसायला मिळालं तर बसा, ती ऊब पुरते.

दिवस कुठला? आठवड्याच्या मधला, मंगळवार ते गुरुवार. त्यासाठी दोघींनी एक-एक रजा टाका. शनिवार-रविवारी आणि २६ जानेवारीच्या सुट्टीला शिड्यांपाशी रांगा लागतात, वरच्या आणि खालच्या माणसांची हुज्जत चालते. मधल्या वारी गेलात तर कदाचित माथ्यावर अर्धा तास तुम्ही दोघीच असाल.

सूर्योदय गाठायचा मोह होईल. दर वर्षी गाठत असाल तर या वर्षी सोडून द्या. सव्वासातला सूर्य उगवतो, तो वरून बघायचा तर रात्री तीन-साडेतीनला निघावं लागतं, आणि आदल्या रात्री तुमची झोप होणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. उजाडल्यावर साडेसहा-सातला निघा. बारीपासून माथ्यापर्यंत आठ-नऊशे मीटरची चढण आहे, तुमच्या नेहमीच्या वेळेत तासभर जास्त धरा. हेडटॉर्च सॅकमध्ये असू दे.

गुडघ्यासाठी एकदा निघण्याआधी डॉक्टरांना दाखव, हे लांबणीवर टाकू नकोस. ते जा म्हणाले तर पुढचं. नी-कॅप चढताना लावून बसू नकोस, उतरायला लागताना लाव. दोन काठ्या घे, बांबूच्या चालतील, कमरेच्या थोड्या वर येतील एवढ्या. जानेवारीत वाटेवरची माती सुकून भुगा झालेली असते आणि मुरमावरून पाय घसरतो. त्या घसाऱ्यावर लांब ढांग टाकलीस की सगळा भार गुडघ्यावर येतो. पाऊल छोटं टाक, गुडघा किंचित वाकवून, तळवा पूर्ण टेकवून, जिथे उतार फार असेल तिथे आडवी होऊन. काठी आधी खाली टेकव, मग पाय. शिड्यांवर काठ्या सॅकला बांध आणि लोकरीचे हातमोजे काढून ठेव. सकाळी शिडीचं लोखंड इतकं गार असतं की हात मागे घ्यावासा वाटतो, कधी त्यावर दवही असतं, पण लोकर त्यावरून सरकते. उघड्या हाताने धर. पायऱ्या उतरताना तोंड शिडीकडे. आणि पहिल्या शिडीपाशी पोचेपर्यंत गुडघा बोलायला लागला, तर तिथूनच मागे फिरा. खरंच फिरा. तुमचा पंधरा वर्षांचा डोंगर आहे, त्याला एखादं वर्ष अर्ध्यावरून नमस्कार केला तर तो काही रागावणार नाही.

मनातलं आदल्या रात्री बोलून झालं असेल, तर माथ्यावर तुम्हाला बोलण्यासारखं काही उरणार नाही, आणि मला नेमकं तेच हवं आहे. देवळाच्या आडोशाला वाऱ्याकडे पाठ करून बसा. थर्मासातला चहा झाकणात ओता, एकाच झाकणातून आळीपाळीने प्या. हवा निवळ असली तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे असतील, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड आणि धुरकट रेघेसारखा हरिश्चंद्रगड. दर वर्षी नावं घेत असाल तशी घ्या. कुणाचं चुकलं तर दुसरीने दुरुस्त करा.

व्हिडिओ काढायचाच असेल तर तिचा काढ, पण तिला न सांगता. ती बुटाची लेस बांधत असताना, किंवा शिडीवर तुझ्यासाठी हात पुढे करत असताना. कॅमेऱ्याकडे बघून बोललेली वाक्यं मी पुन्हा कधी ऐकलेली नाहीत. मस्कतच्या मैत्रिणीचा माझ्याकडे एकच फोटो आहे जो मी अजून बघते, त्यात ती खाली बसून केळं सोलतेय.

जाणाऱ्या माणसाला जड भेट देऊ नकोस, बॅगा वजन करून भरायच्या असतात. एक गोष्ट मात्र तिला सांग, तिला गंमत वाटेल. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमधलं सगळ्यात उंच शिखर फेल्डबर्ग, १४९३ मीटर. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे तिच्या नव्या राज्यातल्या कुठल्याही डोंगरावर ती चढली तरी कळसूबाईपेक्षा खालीच असेल. पण तिथल्या लोकांना डोंगरात चालायची फार आवड आहे, वाटांवर खुणा रंगवलेल्या असतात, आणि स्टुटगार्टच्या जवळच श्वेबिश आल्बची रांग आहे. तिथे तिला नवीन सोबतीण मिळेल. मिळाली की तुला थोडं टोचेल. टोचू दे, पण तिला त्याबद्दल गिल्टी वाटू देऊ नकोस.

पुढच्या जानेवारीचं आत्ता काही ठरवू नका. वचनं मागू नकोस. तिथून जानेवारीत येणं सोपं नसतं, मुलीची शाळा असते, तिकिटं महाग असतात. तू जाणार असशील तर एकटी किंवा मुलाला घेऊन जा, आणि तिला वरून फोन कर. थंडीत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. सकाळी दहाला केलास तर तिच्याकडे साडेपाच वाजलेले असतील, बाहेर मिट्ट काळोख. उठेल ती.

आणि शेवटचं, हे तू विचारलं नाहीस. तिची आई इथेच राहणार आहे का? तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण बहुतेक घरांत तसंच असतं. असेल तर माथ्यावर देवीला नारळ फोडाल त्यातली एक वाटी रुमालात बांधून घे, फोडताना पाणी सांडेल ते सांडू दे. रात्री नाशकात शिरलात की आधी तिच्या घरी जा आणि ती वाटी तिच्या आईच्या हातात दे. मग तुझ्या घरी जा.

तुझी,
ताई